'असली लेदर' म्हणून घेतलेली लॅपटॉप बॅग दुसऱ्याच पावसाळ्यात सोलून निघाली, बघून घ्या

मी खानापूरचा, बेळगावात अकाउंट्सचं काम करतो, रोज लॅपटॉप घेऊन बसनं जाणंयेणं. मागच्या वर्षी मार्चएंडची कामं संपल्यावर बाजारातल्या एका दुकानातून लॅपटॉपची बॅग, टेबलावर अंथरायचा डेस्क मॅट आणि दोन माऊस पॅड असं सगळं ३,४०० रुपयांना घेतलं. दुकानदारानं चारचारदा सांगितलं, "सर, प्युअर लेदर हाय, दहा वर्षं बघायला नको." वास पण लेदरचाच येत होता. बिलावर मात्र त्यानं नुसतं 'कॉम्प्युटर अॅक्सेसरीज' लिहिलं आणि मी ते वाचलंच नाही, घडी करून खिशात टाकलं. माझं चुकलं ते तिथंच.

खानापूरचा पाऊस आमच्याकडच्यांना सांगायला नको, जूनपासून भिंतीला ओल, कपाटातल्या कपड्यांना वास. पहिला पावसाळा निघाला. यंदा जुलैत बॅगेचा पट्टा चिकट लागायला लागला, मग कोपऱ्यावर फोड आल्यासारखं झालं आणि एकदा बसमधनं उतरलो तर पांढऱ्या शर्टवर खांद्यापासून काळे पापुद्रे. डेस्क मॅटचं त्याहून वाईट, जिथं मनगट टेकतं आणि जिथं लॅपटॉप गरम होतो बरोबर तेवढाच भाग सोलला, ते काळे कण माऊसच्या खाली अडकून पॉइंटर उड्या मारायला लागला, कीबोर्डमधनं तर अजून निघतायत. मी सॅनिटायझरनं पुसलं, त्यानं अजूनच सुटलं. तसं करू नका, स्पिरिटनं वरचा थर आणखी खराब होतो.

दुकानात गेलो तर म्हणाला, "तुम्ही पावसात भिजवलंय, पाण्यानं खराब झालेलं आम्ही घेत नाही." मलाही क्षणभर खरं वाटलं, बसस्टँडवर भिजतंच की थोडंफार. पण घरी येऊन दुसरा माऊस पॅड काढला, तो बहिणीसाठी घेतला होता, प्लास्टिकचं कव्हर पण फोडलं नव्हतं, कपाटातच होता. त्याचाही वरचा थर नखानं ओढल्यावर निघून आला! त्याला ना पाणी लागलं ना कुणाचा हात.

अथणीला मामांच्या शेजारी कोल्हापुरी चपला करणारे काका आहेत, त्यांना नेऊन दाखवलं. त्यांनी सोललेली कड नुसती उलटी केली आणि म्हणाले, "पोरा, खाली कापड हाय बघ, जाळी दिसतीय. कातड्याच्या पाठीला केसासारखे बारीक तंतू असत्यात, कातडं असं पापुद्र्यानं निघत नाही." ही माणसं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं कातडं आयुष्यभर हाताळतात, त्यांना दोन मिनिटं पण लागली नाहीत. खऱ्या चामड्यालाही पावसात बुरशी येते पण पुसून तेल लावलं की ते राहतं.

माझ्याकडं होतं ते पीयू लेदर, म्हणजे कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर. हवेतली ओल आत जाऊन तो थर हळूहळू तोडते, उष्णता असेल तर लवकर, याला हायड्रोलिसिस म्हणतात. म्हणून ते न वापरताही कपाटात सुटतं, आणि एकदा सुटायला लागलं की पॉलिश, तेल, गोंद कशानंच थांबत नाही. पीयू वाईटच असं मी म्हणत नाही, ७००-८०० रुपयांना पीयू म्हणून दिलं असतं तर मी आनंदानं घेतलं असतं. चीड येते ती खोटं बोलून चौपट पैसे घेतल्याची.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यानं बोली बदलली, "सर, हे बॉण्डेड लेदर हाय, ते पण लेदरच." बॉण्डेड म्हणजे चामड्याचा चुरा गोंदानं चिकटवून केलेला पत्रा, तो पण सोलतोच, आणि माझ्या बॅगेत तर चुरा पण नव्हता.

तर घेताना आतली कड, शिवणीजवळची उघडी बाजू बघा. वरच्या थरालाच मागनं कापड चिकटलेलं दिसलं तर लेदर म्हणून पैसे देऊ नका. वासावर जाऊ नका, तो फवारता येतो. आणि बिलावर 'जेन्युइन लेदर' असं लिहूनच घ्या, दुकानदार लिहायला का कू करायला लागला की उठून चालायला लागा.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली. त्यानंतर दुकानातनं फोन आला, १,००० रुपये देतो, मिटवून टाका. मी नाही म्हटलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाबद्दल खोटं सांगून विकणं हा अनुचित व्यापार धरलाय, दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी पण नाही. अर्ज लिहायला घेतलाय. तो न वापरलेला पॅड कव्हरासकट, बिलासकट वेगळा ठेवलाय, आयोगापुढं तोच दाखवायचाय.