फिके कोपरे बघून जुना एन्लार्जर नाकारू नका

सोलापुरात घरच्या डार्करूमसाठी एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढायचं यंत्र, शोधायला निघालं, की हाती लागतो तो बंद पडलेल्या स्टुडिओतला कंडेन्सरवाला, म्हणजे बल्बचा उजेड दोन भिंगांतून निगेटिव्हवर आणणारा. ३५ मिमी आणि ६×६ सेंमी दोन्ही निगेटिव्ह घेणारा, लोखंडी खांबाचा. यंत्र दणकट, प्रिंट करकरीत. तक्रार ठरलेली: उजेड सारखा पडत नाही. पण यात दोष बहुतेक वेळा बल्बचा निघतो, आणि तेवढ्यावर घासाघीस मात्र छान होते.

तपासताना निगेटिव्हवर फोकस करून मग ती काढा, रिकामा कॅरिअर (निगेटिव्ह धरणारी चौकट) परत बसवा. लेन्सचं छिद्र एफ ८ वर. कडक ग्रेडच्या (जास्त कॉन्ट्रास्टच्या) ८×१० इंची कागदावर मध्यम करडा येईल इतकाच उजेड द्या. मऊ ग्रेडवर फरक लपतो. जिथे उजेड कमी, तिथे कागद फिका. असे दोन कागद काढा आणि दुसरा डेव्हलपरच्या ट्रेमध्ये अर्धा फेरा फिरवून, पुढची कड मागे करून सोडा. फिका पट्टा ट्रेच्याच बाजूला राहिला तर एन्लार्जरला बोल लावू नका, ट्रे नीट हलवा.

आता बल्ब. होल्डर बहुधा स्क्रूचा असतो आणि आपल्याकडे सर्रास मिळतो पिनचा बल्ब. मग कुणीतरी अडॅप्टर घातलेला असतो. त्याने बल्ब दोन-तीन सेंटीमीटर पुढे येतो आणि तिथेच गणित फसतं, कारण कंडेन्सर बल्बच्या गोळ्याची प्रतिमा लेन्सच्या तोंडात आणतो. गोळा सरकला की प्रतिमाही सरकते. घरगुती दुधी बल्ब लावला तर टोकावर छापलेल्या वॅटच्या अक्षरांची सावली कागदावर उतरू शकते. एलईडी तर नकोच: उजेड एकाच दिशेला फेकतो, शिवाय मल्टिग्रेड (उजेडाच्या रंगानुसार कॉन्ट्रास्ट बदलणाऱ्या) कागदाचा कॉन्ट्रास्टही बदलतो. एन्लार्जरसाठीचा ७५ किंवा १५० वॅटचा कोऱ्या टोकाचा ओपल (दुधी काचेचा) बल्ब मागवा. वॅट मात्र यंत्रावर लिहिलेत तेवढेच.

बसवताना एन्लार्जरच्या खालच्या पाटावर पांढरा कागद ठेवा, लेन्स पूर्ण उघडा, बल्ब धरणाऱ्या वरच्या दांडीचा स्क्रू सैल करून बल्ब अर्धा-अर्धा सेंटीमीटर वर-खाली करा. चारही कोपरे सारखेच मंद असतील तर उंची चुकली आहे. एकच बाजू मंद असेल तर बल्ब मध्यावर नाही, डोक्यात आरसा असेल तर तो कलला आहे किंवा लेन्सखालचा लाल फिल्टर पुरता बाजूला झालेला नाही. लेन्स बदलली की उंचीही बदलते. ५० आणि ८० मिमीसाठी दांडीवर दोन खुणा करून ठेवा. ६×६ ला ५० मिमी लावून कोपरे रिकामे दिसले, तर तो यंत्राचा दोष नव्हे.

बल्ब सरकवूनही पट्टा हलत नसेल तर कंडेन्सर उघडा. दोन्ही भिंगांच्या फुगीर बाजू समोरासमोर हव्यात. पुसताना कुणीतरी एक भिंग उलटं बसवलेलं सापडतं, तेव्हा कागदावर गोल कडं दिसतं. डार्करूमची चुन्याची पांढरी भिंत जवळ असेल तर तीही एका बाजूला उजेड परतवते. तिथे काळा कागद चिकटवा. व्होल्टेजच्या चढउताराने प्रिंट एकंदर गडद-फिका होतो, कोपरे बिघडत नाहीत.

एवढं करूनही कोपऱ्यात उजेड अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड) कमी राहिला तर चालवून घ्या, प्रिंट काढताना कडा थोड्या जास्त बर्न करता येतात, म्हणजे त्यांना जादा उजेड देता येतो. सौदा मोडायचा तो भिंगाच्या मधोमध चीर असेल किंवा बल्ब-लेन्सचं डोकं खांबावर डुगडुगत असेल तर.