९४ भाग आणि एक जास्तीची फाइल: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीत साफसफाईत आबांची 'महाभारत'च्या डीव्हीडींची पेटी निघाली. प्लेअर कधीच मेलेला. म्हणून तबकडीवरच्या व्हिडिओच्या फाइली करून देणाऱ्या मेकएमकेव्हीने सगळ्या तबकड्या हार्ड डिस्कवर उतरवल्या, जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन (साठवलेले व्हिडिओ टीव्हीवर यादी करून दाखवणारा प्रोग्राम) टाकलं, आणि भुसावळच्या आमच्या घरात आठवड्यातून तीनदा जेवणं झाली की महाभारत सुरू झालं. जेलीफिन फुकट आहे, आठ महिन्यांत मला त्याने त्रास दिलेला नाही. जो काही त्रास झाला तो फाइलींच्या नावांनी, आणि ती नावं मीच दिली होती.

मेकएमकेव्हीने माझ्या प्रत्येक तबकडीवरच्या फाइलींना 'टायटल टी००', 'टायटल टी०१' अशीच नावं दिली. दुसरी तबकडी घातली की पुन्हा तेच. म्हणून तबकडीगणिक वेगळा फोल्डर करा, नाहीतर पहिल्याच संध्याकाळी गोंधळ. मी फोल्डर केले, आणि मग हौसेने फाइलींना 'भाग १', 'भाग २' अशी नावं दिली. कॉम्प्युटरवर क्रम अगदी बरोबर दिसत होता. जेलीफिन बसवण्याआधी हाच माल पेनड्राइव्हने टीव्हीला लावला, तेव्हा १ नंतर थेट १० वा भाग लागला. आबा म्हणाले, "काल गोष्ट सुरू व्हयनी, आज एकदम इतली पुढे बी चालनी गयी?"

कारण साधं आहे. विंडोज आकडा आकडा म्हणून वाचतं, माझा टीव्ही अक्षरामागून अक्षर वाचतो. त्याच्या लेखी '१०' मधला १ हा २ च्या आधी येतो. पुढे शून्य लावलं, ०१, ०२, की दोघांचं एकमत होतं. शंभराच्या पुढे भाग असतील तर दोन शून्यं.

जेलीफिनला मात्र हेही पुरलं नाही. देवनागरी आकड्यांतून त्याला भाग ओळखता येईनात. त्याला लागतो तो साचा असा: मालिकेचं नाव आणि कंसात वर्ष असा मोठा फोल्डर, त्यात 'सीझन ०१', आणि आत 'नाव एस०१ई०५', म्हणजे सीझन १, भाग ५. मी इथे देवनागरीत लिहिलंय, फाइलीत सगळं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत हवं. दूरदर्शनच्या त्या काळच्या मालिकेला कसला आलाय सीझन, पण एक मानून चालायचं आणि चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव भाग त्यातच ठेवायचे. खास भाग वगैरे असतील तर ते 'सीझन ००' मध्ये.

कंसातलं वर्ष मी सुरुवातीला आळसाने गाळलं होतं. जेलीफिन नावावरून नेटवरची माहिती ओढतं, त्यामुळे आबांच्या महाभारताला २०१३ च्या, २६७ भागांच्या महाभारताचं पोस्टर आणि नटांची नावं चिकटली. १९८८ लिहून पुन्हा स्कॅन केल्यावर सुटलं. जुन्या नावाची नवी मालिका असेल तिथे वर्ष लिहिलेलंच बरं.

आता खरी गंमत. नावं हाताने बदलणं जिवावर आलं, म्हणून विंडोजसाठीच्या पॉवरटॉइज या साधनसंचातलं, एकदम पुष्कळ फाइलींची नावं बदलणारं पॉवररिनेम घेतलं. ते ओळीने आकडे लावतं आणि आधी नमुना दाखवतं. छान काम झालं. दोन आठवड्यांनी लक्षात आलं की पडद्यावर भागाचं वर्णन एक आणि चालू प्रसंग भलताच. एका तबकडीवर तीन मिनिटांची जाहिरात होती. मेकएमकेव्ही मुळात १२० सेकंदांपेक्षा छोटं काही घेत नाही, ही तेवढ्यातून निसटली आणि २३ वा भाग होऊन बसली. तिथून पुढचे सगळे एकाने सरकलेले. आधी फाइलींची लांबी बघितली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. जाहिरात काढून टाकली आणि २४ चा २३, २५ चा २४ करत लहान आकड्याकडून मोठ्याकडे गेलो. मागच्या टोकाने सुरुवात केली की 'या नावाची फाइल आहे' म्हणून अडतं, हे ध्यानात ठेवा. नव्याने उतरवणाऱ्यांनी मेकएमकेव्हीमध्ये ही किमान लांबी १२०० सेकंद करून टाकावी.

एक पैसेवाला प्रोग्रामही वापरून बघितला, तो आपणहून भाग ओळखतो म्हणतात. इंग्रजी मालिकांना ठीक असेल, माझ्या कामी आला नाही. नाव लिहीत नाही, कारण चूक त्याच्यापेक्षा माझ्या अपेक्षेची होती.

घरचे व्हिडिओ जेलीफिनच्या मालिकांच्या लायब्ररीत टाकू नका. बहिणीच्या हळदीला कुठल्याशा परदेशी मालिकेचं पोस्टर लागलं आणि माय तासभर हसत होती. त्यांना 'होम व्हिडिओ' प्रकारची वेगळी लायब्ररी करा.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला तेव्हा लॅपटॉप कूलरसमोर नाही, पण सावलीच्या भिंतीला ठेवला. लाइट गेली तरी त्याची बॅटरी असल्यामुळे हार्ड डिस्क मध्येच बंद पडली नाही. नवीन मशीन घेण्यापेक्षा जुना लॅपटॉप बरा, तो एवढ्यासाठीच.

परवा ९४ वा भाग संपला. पुढे काही नव्हतं, पडदा परत यादीवर आला. आबांनी रिमोट माझ्याकडे सरकवला.

"पहिलाफाईन लाव."