कॅम्पर व्हॅनचं फर्निचर: बर्च, पॉपलर, फोम बोर्ड आणि अ‍ॅल्युमिनियम, वापरून झाल्यावर

व्हॅनचं आतलं काम काढलं तेव्हाच ठरवलं होतं, सगळीकडे एकच मटेरियल लावायचं नाही. किचनच्या कपाटाला बर्च प्लाय, वरच्या कपाटांना पॉपलर प्लाय, पाण्याच्या टाकीशेजारच्या खणांना पीव्हीसी फोम बोर्ड आणि पलंगाच्या सांगाड्याला अ‍ॅल्युमिनियमची खाचेची प्रोफाइल. चारही एकाच गाडीत, सारख्याच उन्हापावसात आणि सारख्याच धक्क्यांत. कित्येक महिने असे गेल्यावर एक गोष्ट अगदी स्पष्ट दिसते: एकही फळी मधोमध मोडलेली नाही. जे काही फुगलं, सैल झालं किंवा काळं पडलं, ते कडांना, स्क्रूच्या भोकांशी आणि हवा खेळत नाही अशा कोपऱ्यांत. खरेदीच्या वेळी मात्र सगळं लक्ष शीटच्या जाडीवर आणि वरच्या रंगावर असतं.

वजनाचा हिशेब आधी मांडायला हवा, कारण घरातल्या कपाटाचं वजन कोणी विचारत नाही आणि इथे तेच पहिलं येतं. एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची) घनता साधारण ७५० किलो प्रति घनमीटर, म्हणजे १८ मिमी जाडीची ८ बाय ४ फुटी शीट ४० किलोच्या आसपास भरते. तेवढ्याच जाडीचा बर्च प्लाय ३६ किलोच्या घरात. पॉपलरची घनता ४०० ते ४५०, त्यामुळे त्याची १२ मिमीची अख्खी शीट १५-१६ किलोत बसते. चार शीट धरल्या तरी जाड एमडीएफ आणि पातळ पॉपलर यांत शंभरेक किलोंचा फरक पडतो. गाडीला जे एकूण वजन मान्य असतं, त्यातून हे शंभर किलो वजा होतात. म्हणजे तेवढं पाणी आणि सामान कमी. त्यात शीटला दोन्ही बाजूंनी ०.८ मिमीचं सनमायका लावलं की आणखी ६-७ किलो वाढतात. एकाच बाजूला लावून वजन वाचवायला जाऊ नका, फळी बाक धरते. आम्ही सनमायका फक्त किचनच्या दारांना लावलं, बाकी सगळीकडे पीयू (पॉलियुरेथेन) लॅकरचे हात दिले. लॅकरवर ओरखडे दिसतात हे खरं, पण मला ते चालतात.

बर्चबद्दल तक्रार जवळपास नाहीच. १२ मिमीत ९ थर, सगळे बर्चचेच आणि आत पोकळ्या नाहीत, त्यामुळे स्क्रू घट्ट बसतो आणि बसलेला राहतो. जड भांड्यांच्या ड्रॉवरचे चॅनल आणि दारांच्या बिजागऱ्या अजून एकदाही आवळाव्या लागल्या नाहीत. एक लक्षात ठेवायचं: थर चिकटवणारा फिनॉलिक गोंद पाण्यात टिकतो, बर्चचं लाकूड स्वतः मात्र कुजण्याला फारसा विरोध करत नाही. सिंकसाठी कापलेल्या भोकाच्या कडांना इपॉक्सी पाजलं होतं, तिथे आजही काही नाही. सरकत्या दाराजवळच्या फळीच्या खालच्या कडेला नुसतं लॅकर होतं. ओले पाय, ओले बूट सतत तिथेच यायचे, आणि ती कड काळी पडायला लागली. लाकूड तेच, गोंद तोच, फरक फक्त कडेच्या बंदोबस्ताचा.

पॉपलर मऊ आहे. नखाचीसुद्धा खूण उमटते. त्याच्या कडेत सरळ स्क्रू मारून खोका उभा केला तर हादऱ्यांनी तो खिळखिळा होणारच. म्हणून आतल्या प्रत्येक कोपऱ्यात कठीण लाकडाची पट्टी गोंद लावून बसवली, आणि जे भाग खोलायला लागतात तिथे इन्सर्ट नट (लाकडात बसणारे, आतून आटे असलेले नट) घातले. वरची कपाटं अजून एका अक्षराने कुरकुरत नाहीत. छताजवळ हलकं मटेरियल असल्याचा फायदा वळणांवर कळतो, गाडी कमी झुकते. वरच्या भागासाठी मी दुसरं काही सुचवणार नाही.

फोम बोर्डाचं कौतुक खूप होतं आणि ते अर्धं बरोबर आहे. टाकीशेजारी गळती झाली, पाणी रात्रभर साचून राहिलं, आणि बोर्डाला काहीही झालं नाही. पुसलं, संपलं. त्याचं दुखणं उष्णतेत आहे. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून ताठपणा सोडायला लागतं. बंद गाडी कडक उन्हात उभी असली की आतले काचेजवळचे भाग भयंकर तापतात. उभे बोर्ड जसेच्या तसे आहेत. आडवी लांब फळी मात्र सामानाच्या भाराने मधे झुकली आणि थंड झाल्यावर तशीच राहिली. स्क्रूची पकडही प्लायपेक्षा कमीच, वारंवार उघडमीट होणारं दार त्यावर टांगू नये.

अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याने पलंगाची उंची नंतर हवी तशी बदलता आली, ही मोठी सोय. पण नट-बोल्ट हादऱ्यांनी सैल होतात; नायलॉन लॉकनट किंवा थ्रेडलॉकरशिवाय (आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाशिवाय) हा सांगाडा करूच नये. धातू उन्हात वाढतो हेही धरून चालावं: २ मीटर लांबीच्या प्रोफाइलला ४० अंशांच्या फरकात जवळजवळ २ मिमी जागा लागते. दोन भिंतींत घट्ट ठोकून बसवलं तर आवाज होणारच. त्याहून मोठा प्रश्न थंडीतला. दोन माणसं रात्रभर आत झोपली की श्वासातून आणि अंगातून अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त पाणी हवेत जातं, आणि ते सगळ्यात गार पृष्ठभागावर जमतं. गाडीच्या पत्र्याला थेट टेकलेल्या प्रोफाइलवर सकाळी थेंब दिसायचे. मधे रबराची पट्टी घातल्यावर ते जवळपास थांबलं. गादीखाली सलग फळी न टाकता अंतर सोडून पट्ट्या टाकल्या आहेत, खालून हवा फिरते, म्हणून गादीला बुरशी नाही.

कडपट्टीबद्दल फार कमी बोललं जातं. नेहमीच्या गरम गोंदाने चिकटवलेली पट्टी उन्हात गोंद मऊ झाला की कोपऱ्यातून सुटते, आणि तिथूनच ओल आत शिरते. शक्य असेल तर पॉलियुरेथेन गोंदाची पट्टी घ्या, नाहीतर प्लायची कड उघडी ठेवून घासून नीट सील करा. मला दुसरा पर्याय जास्त विश्वासाचा वाटतो, कारण काय चाललंय ते डोळ्यांना दिसत राहतं.

वासाचाही विचार करा. स्वस्त पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफमधल्या युरिया गोंदातून फॉर्मल्डिहाइड निघत राहतं, उष्णता आणि दमटपणा वाढला की जास्तच. घराच्या खोलीत ते विरून जाईल, काही घनमीटरच्या बंद जागेत नाकाशी राहतं. आपण त्याच जागेत आठ तास श्वास घेत झोपतो. निदान ई-१ दर्जाचा (फॉर्मल्डिहाइड कमी सोडणारा) तरी बोर्ड असावा, इथे तडजोड करू नये असं मला मनापासून वाटतं.

मटेरियल कितीही चांगलं असलं तरी ते गाडीला कसं धरलंय यावर सगळं आहे. जोरदार टकरीत झटका गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट जाऊ शकतो. १० किलोचा डबा त्या क्षणी २०० किलोच्या जोराने पुढे येतो. म्हणून कपाटं नुसत्या आतल्या आवरणाला न अडकवता पत्र्याच्या बरगड्यांत रिव्हनट (पत्र्यात रिव्हेटसारखे बसणारे आटेदार नट) घालून बोल्टने आवळलेली हवीत, मागे रुंद वॉशरसकट. दारांना चुंबक पुरत नाही. दाबून बंद होणारी बटणाची कुलपं लावा. खराब रस्त्यावरही आमचा एकही ड्रॉवर उघडलेला नाही.

झुकलेली फोम बोर्डाची फळी आता काढतोय. तिच्या जागी १२ मिमीचा पॉपलर, पुढच्या कडेला कठीण लाकडाची उभी पट्टी, आणि चारही कडांना इपॉक्सी. टाकीशेजारचे उभे बोर्ड तसेच ठेवणार आहोत.