गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची फुटी: अंडर-१८ की रिझर्व्ह्ज?

एसीएलच्या, म्हणजे गुडघ्यातल्या पुढच्या लिगामेंटच्या, ऑपरेशनला वर्ष होत आलं. पळणं झालं, वळणं झालं, एका पायावरच्या उड्या झाल्या आणि फिजिओने हिरवा कंदील दाखवला. आता मुलाने परत उतरायचं कुठे, आपल्याच क्लबच्या अंडर-१८ मध्ये की मोठ्या माणसांच्या रिझर्व्ह्जमध्ये, म्हणजे दुसऱ्या फळीच्या संघात? मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्नीट-पॉइंट कुकच्या पट्ट्यात, फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, खेळणारी आपली मुलं आता बरीच दिसतात आणि हा प्रश्न मला अधूनमधून विचारला जातो. आमचा मुलगा परतल्यावर आधी अंडर-१८ खेळला, मग रिझर्व्ह्ज. दोन्हीकडे बाउंड्रीला उभं राहून जे पाहिलं, त्यावरून हे लिहितोय.

हे सगळं थोराड बांध्याच्या मुलाबद्दल आहे, एवढं मात्र लक्षात ठेवा. सतराव्या वर्षीच बापाच्या डोक्यावरून बघणारा, नव्वद किलोच्या आसपासचा. मुलगा शिडशिडीत असेल, विंगवर पळणारा असेल, तर मी बहुधा उलटं सांगेन आणि वयोगटातच ठेवा म्हणेन.

तिसरा पर्याय म्हणजे निवडक होतकरू मुलांची कोट्स टॅलेंट लीग, आपल्या बाजूला तिच्यातला वेस्टर्न जेट्स हा संघ. तिथे निवड झाली असेल तर संघाबरोबर फिटनेसची माणसं असतात, निर्णय तेच घेतील. नसेल झाली, तर दुखापतीनंतरच्या पहिल्याच वर्षी त्यामागे धावू नये असं माझं मत आहे. ‘ड्राफ्टचं वर्ष हुकलं’ ही धास्ती घराघरात असते (ड्राफ्ट म्हणजे एएफएल या सर्वोच्च लीगच्या क्लबांनी नवे खेळाडू निवडणं), ती मी समजू शकतो. पण क्रिश्चन पेट्राका २०१४ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतला गेला, २०१५ चा अख्खा हंगाम त्याचा गुडघ्यापायी गेला, २०१६ मध्ये तो पहिला सामना खेळला आणि २०२१ च्या ग्रँड फायनलमध्ये नॉर्म स्मिथ मेडल, म्हणजे अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक, घेऊन गेला. मार्लियन पिकेट तर २७ व्या वर्षी रिचमंड क्लबकडे आला आणि त्याचा पहिला एएफएल सामनाच २०१९ ची ग्रँड फायनल होती. एक वर्ष हळू गेलं म्हणून दार बंद होत नाही.

आता मुख्य दोन पर्यायांकडे येऊ.

अंडर-१८ च्या बाजूने बोलायला खूप आहे. बरोबरीची मुलं, बहुतेक ऑक्सिकपासूनचे, म्हणजे लहानग्यांच्या फुटीपासूनचे, मित्र. वर्षभर एकट्याने सायकल मारलेल्या आणि रबरी पट्टा ओढलेल्या मुलाला त्या चेंजरूममध्ये परत पाय ठेवताना जो आनंद होतो, तो मी पाहिला आहे. त्याची किंमत कमी लेखू नका. आईबापांनाही तिथे बरं वाटतं, कारण समोरून येणारा मुलगा फार तर आपल्या मुलाएवढा असतो. आमच्या घरी हीचा कौल सुरुवातीला पूर्णपणे अंडर-१८ कडे होता, आणि त्यात काही गैर नव्हतं.

अडचण वेगळीच निघाली. फिजिओने लिहून दिलं होतं की पहिले काही आठवडे फक्त अर्धा सामना, दर क्वार्टरमध्ये निम्मा वेळ बेंच. कोच भला माणूस, त्याने कागद नीट वाचला, खिशात ठेवला. पण अंडर-१८ चा संघ म्हणजे कुणाची व्हीसीईची (इथल्या बारावीची) परीक्षा, कुणाची सुपरमार्केटमधली शिफ्ट, कुणाचा घोटा मुरगळलेला. बेंचवर जेमतेम एक-दोन पोरं. तिसऱ्या क्वार्टरला संघ मागे पडलेला आणि मैदानावर सगळ्यात दांडगा मुलगा आपला. मग बेंचजवळून आवाज येणार, ‘आणखी पाचच मिनिटं, मेट.’ मुलगा मान डोलावणार, कारण खेळायला मिळतंय आणि मित्र हरतायत. ती पाच मिनिटं शेवटच्या सायरनपर्यंत चालतात. पुढच्या आठवड्यातही तेच. कोणाच्या मनात वाईट नसतं, म्हणूनच भांडायचं कोणाशी हे कळत नाही. मी बाउंड्रीवर हातात घड्याळ धरून उभा राहायचो, टीम मॅनेजरला खुणा करायचो, तोही ओशाळा होऊन हात हलवायचा. मुलगा घरी आला की गुडघा सुजलेला नसायचा. पण चौथ्या क्वार्टरमध्ये तो उडी मारून उतरताना गुडघा आत वळायला लागला होता, ते मला लांबूनही दिसत होतं. मनाचा कौल तिथेच फिरला.

त्यात भर रकची. वयोगटात उंच आणि जड मुलगा म्हणजे रक, सेंटरला वर गेलेल्या चेंडूसाठी उडी मारणारा, हे ठरलेलंच. सेंटरला दोन रकमन समोरासमोर धावत येऊन उडी घेतात तेव्हा गुडघ्यावर गुडघा आपटतो. गुडघ्याच्या मागच्या लिगामेंटच्या दुखापती वाढल्या म्हणून एएफएलने २००५ मध्ये मध्यभागी १० मीटर व्यासाचं बाहेरचं वर्तुळ आखलं आणि रकमनची धाव तोडली. म्हणजे धोका खुद्द लीगने मान्य केलेला आहे. पुढचं लिगामेंट नवीन बसवलेल्या मुलाला पहिल्याच महिन्यात सेंटरला रक म्हणून उभं करणं माझ्या पचनी पडलं नाही. रिझर्व्ह्जमध्ये हा प्रश्नच येत नाही. तिथे तिशी ओलांडलेला एखादा साडेसहा फुटी रकमन आधीपासून असतो आणि तो आपली जागा सोडत नाही.

रिझर्व्ह्जबद्दल पहिली भीती साहजिक आहे. पोरगा सतराचा, समोर पूर्ण वाढलेला, दहा वर्षं टॅकल केलेला माणूस. धक्के बसतात, बरगड्या दुखतात, हे नाकारत नाही. पण या खेळात एसीएल बहुतेक वेळा कोणी अंगावर आल्यामुळे तुटत नाही. एकट्याने वळताना किंवा मार्क घेऊन (हवेत चेंडू झेलून) खाली येताना, विशेषतः पाय थकलेले असताना, तुटण्याची भीती जास्त. म्हणून समोरचा किती मोठा आहे यापेक्षा आपला मुलगा किती दमलाय, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डोक्याला मार लागला तर कम्युनिटी फुटीत किमान २१ दिवस सामना नाही, हे दोन्हीकडे सारखंच लागू आहे.

रिझर्व्ह्जमध्ये आपल्या मुलावाचून कोणाचं अडत नाही, आणि परतणाऱ्या खेळाडूला नेमकं हेच हवं असतं. बेंचवर माणसं असतात. अर्धा क्वार्टर झाला की तो बाहेर येतो, कोणी मागे वळून बघत नाही. कोचला कागद दाखवला तर तो म्हणाला, ‘ठीक आहे, फॉरवर्ड पॉकेटला दहा मिनिटं, मग बस.’ आणि खरंच बसवलं. (फॉरवर्ड पॉकेट म्हणजे समोरच्या गोलजवळचा कोपरा.)

दुसरा फायदा मला आधी लक्षात आला नव्हता आणि आता तोच सगळ्यात मोठा वाटतो. दुखापतीच्या काळात थोराड मुलं जिममध्ये वरचं अंग भरून घेतात, दुसरं करण्यासारखं काही नसतंच. परत येतात तेव्हा आधीपेक्षा जड असतात आणि ते सगळं वजन एका नव्या गुडघ्यावर उतरणार असतं. अंडर-१८ मध्ये हे वजन खपून जातं. उशिरा उडी मारली, चुकीच्या बाजूने आत शिरला, तरी नुसत्या ताकदीवर मार्क पदरात पडते आणि तो एका पायावर कसाही वेडावाकडा उतरतो. गोल झाल्यामुळे सगळे टाळ्या वाजवतात आणि तीच सवय पक्की होते. तालमीत बरोबरीची जोड नसली की पैलवान नुसता जोर वापरायला शिकतो, तसंच हे.

रिझर्व्ह्जमधल्या एका फुल-बॅकने, म्हणजे गोल राखणाऱ्या बचावपटूने, त्याचा हा सगळा हिशोब मोडला. टक्कल पडू लागलेला माणूस, धंद्याने प्लंबर. चेंडू हवेत असताना तो फक्त कंबरेने हलका ढोसा द्यायचा, उडी मारण्याच्या अर्धा क्षण आधी. आमचा मुलगा दरवेळी चेंडूच्या मागे राहायचा. हळूहळू तो आधी जागा धरायला शिकला, पाय रोवून, मग दोन पावलांवर उडी, दोन्ही पायांवर उतरणं. फिजिओ क्लिनिकमध्ये जे महिनोन्‌महिने घोकून घेत होती, ते त्या माणसाच्या कंबरेने मैदानावर करून घेतलं. सराव संपला की हाच प्लंबर गवतावर गुडघे टेकायचा आणि मुलाला म्हणायचा, ‘घोटे धर.’ मग तो नॉर्डिक, म्हणजे मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगचा व्यायाम, करायचा, सावकाश पुढे झुकत, दात आवळून. त्याच्या गुडघ्यावर ऑपरेशनची जुनी पांढरी रेघ आहे. नंतर जागा बदलायच्या आणि तो मुलाचे घोटे धरायचा. हॅमस्ट्रिंगचा टेंडन काढून लिगामेंट बनवलेल्या मुलाला हा व्यायाम किती लागतो, हे घरी आम्ही सांगून थकलो होतो. तिथे न सांगता झालं.

रिझर्व्ह्जच्या उण्या बाजूही आहेत. मंगळवार-गुरुवारी संध्याकाळचा सराव, जून-जुलैची थंडी, बारावीचा अभ्यास. सामन्यानंतर क्लबरूममध्ये बिअर चालते, त्याबद्दल मुलाशी आधीच बोलून घ्या. सुरुवातीला चेंडू फार कमी मिळतो. फॉरवर्ड पॉकेटला उभं राहून अंग गार पडतं आणि मग अचानक धाव घ्यावी लागते, म्हणून बेंचवर बसल्यावरही स्वेटर घालून पळत राहायला सांगा. कोवळ्या वयाच्या मुलाने मोठ्यांत खेळायचं तर पालकांची संमती आणि लीगची परवानगी, दोन्ही आधी पाहून घ्या. आणि मित्रांपासून तो काही महिने तुटतो, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

वेळेबद्दल एक सांगतो, मग संघ कोणताही निवडा. नऊ महिन्यांच्या आत परत उतरवू नका. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, तितकी दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याची शक्यता जवळपास निम्म्याने कमी झालेली दिसली. शक्य असेल तर एप्रिलच्या कडक मैदानापेक्षा जूनच्या ओल्या मैदानावर पहिला सामना खेळू द्या. बूट जिथे घट्ट रुततो ते कोरडं, टणक मैदान एसीएलला जास्त वाईट, हे इथल्या जुन्या अभ्यासांतून पुढे आलेलं आहे. चिखलाचे कपडे धुताना जीव जातो, पण गुडघ्याला तो चिखल मानवतो.

तुमचा अंडर-१८ चा कोच शब्दाचा पक्का असेल आणि बेंच भरलेला असेल, तर तिथेच सुरू करा, मी आग्रह धरणार नाही. तसं नसेल आणि मुलगा खरोखरच अंगाने पुढे गेलेला असेल, तर माझा कल रिझर्व्ह्जकडे आहे. फक्त एक गोष्ट पहिल्याच दिवशी कोचला स्पष्ट सांगून ठेवा. रिझर्व्ह्जचा सामना संपला की त्याच मैदानावर सीनियर्सचा, म्हणजे क्लबच्या पहिल्या संघाचा, सुरू होतो, कोणी ना कोणी कमी पडतंच आणि दांडग्या पोराला विचारलं जातं, ‘बेंचवर बसशील का, लागलं तरच घेऊ?’ मुलगा हो म्हणणारच. तेव्हा नाही म्हणायचं काम आपलं, आणि ते सामन्याच्या दिवशी ऐनवेळी नाही, तर आठवडाभर आधी, कोचच्या तोंडावर.