हरिकेन थंड उत्तरेकडे सरकतं तेव्हा: प्रोजेक्टला रिअॅनालिसिस घ्यावं, डब्ल्यूआरएफ की एआय मॉडेल?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून एम.एस्सी. फिजिक्स करणारी किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलं हवामानाचे विषय प्रोजेक्टला घेऊ लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो. अटलांटिकमधलं हरिकेन, म्हणजे तिथलं चक्रीवादळ, उत्तरेला थंड पाण्यावर गेल्यावर त्याचं काय होतं, हा त्यांतला सर्वांत सुंदर विषय. तो घेणाऱ्यापुढे तीन वाटा असतात. तयार रिअॅनालिसिस डेटावरून (जुनी निरीक्षणं मॉडेलमध्ये बसवून उभा केलेला गतकाळातल्या हवामानाचा डेटा) वादळाचं निदान करायचं, डब्ल्यूआरएफसारखं, भौतिकशास्त्राची समीकरणं सोडवणारं हवामानाचं मॉडेल स्वतः चालवायचं, किंवा नव्या एआय मॉडेलची परीक्षा घ्यायची. माझं मत आधीच सांगतो. हाताशी फक्त लॅपटॉप असेल आणि एका सेमिस्टरमध्ये रिपोर्ट द्यायचा असेल, तर पहिली वाट धरा. दुसरी किंवा तिसरी वाट घेणार असाल, तरी सुरुवात पहिलीनेच करा.

हे पटण्यासाठी आधी वादळाकडे बघावं लागेल. उष्ण कटिबंधातलं वादळ समुद्राच्या उष्णतेवर जगतं. पाणी साधारण 26.5 अंश सेल्सिअसच्या वर आणि वरच्या-खालच्या वाऱ्यांत फारसा फरक नाही, अशा जागी ते वाढतं. त्याचा गाभा उबदार असतो आणि ते चहूबाजूंनी जवळपास सारखं असतं. हेच वादळ 35 ते 40 अंश उत्तरेला पोचलं की पाणी थंड होतं, विंड शिअर (वरच्या-खालच्या वाऱ्यांतला फरक) वाढते आणि उंचावरच्या वेगवान वाऱ्यांच्या, म्हणजे जेट प्रवाहाच्या, ओढीने ते ईशान्येकडे धावू लागतं. पुष्कळ वादळं इथे विझतात. पण पश्चिमेकडून येणाऱ्या ट्रफशी (वरच्या हवेतल्या कमी दाबाच्या लांबट पट्ट्याशी) नेमक्या वेळी गाठ पडली, तर त्याच वादळाला ऊर्जेचा दुसरा झरा मिळतो: थंड आणि उबदार हवेतल्या तापमानाचा फरक. मग त्याला फ्रंट (थंड-उबदार हवेच्या सीमारेषा) फुटतात, पाऊस मार्गाच्या डावीकडे सरकतो, जोराचे वारे उजवीकडे राहतात आणि वाऱ्याचा घेर कितीतरी पसरतो. या बदलाला एक्स्ट्राट्रॉपिकल ट्रान्झिशन म्हणतात, बोलण्यात नुसतं ईटी. अटलांटिकमध्ये नाव मिळालेल्या वादळांपैकी निम्म्याच्या जवळपास वादळं यातून जातात. 1954 च्या ऑक्टोबरमध्ये ‘हेझल’ने टोरांटोच्या परिसरात पूर आणला आणि ओंटारिओत 81 माणसं गेली, ती समुद्रापासून इतक्या आत, अशाच बदललेल्या वादळामुळे.

म्हणजे इथे खरे प्रश्न दोन. वादळ नेमकं केव्हा बदललं? आणि का बदललं? तिन्ही वाटांची तुलना या दोन प्रश्नांवर करायची, कोणत्या वाटेचे नकाशे अधिक देखणे यावर नाही.

‘केव्हा’चं उत्तर द्यायला रिअॅनालिसिस पुरतं. युरोपच्या हवामान केंद्राचा ईआरए5 हा डेटा 1940 पासूनचा, तासातासाचा, सुमारे 31 किलोमीटर अंतरावरच्या बिंदूंच्या ग्रिडवरचा आहे आणि नोंदणी केली की फुकट मिळतो. त्याच्या जोडीला रॉबर्ट हार्ट यांनी 2003 मध्ये मांडलेली सायक्लोन फेज स्पेस ही पद्धत घ्यायची. तिला लागतं ते फक्त वेगवेगळ्या दाबपातळ्यांचं जिओपोटेन्शियल, म्हणजे ती पातळी किती उंचीवर आहे ते. वादळाच्या केंद्राभोवती 500 किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा, वादळ ज्या दिशेने जातंय त्या रेषेने त्याचे दोन भाग करा, आणि 900 ते 600 हेक्टोपास्कलमधल्या थराची सरासरी जाडी उजवीकडे किती, डावीकडे किती ते बघा (हवा जितकी उबदार, तितका थर जाड). हा फरक 10 मीटरच्या पुढे गेला की बदल सुरू झाला असं धरतात. दुसरा आकडा खालच्या थरातल्या गाभ्याचा; तो उबदार गाभा थंड झाला की बदल पूर्ण. तिसरा आकडा 600 ते 300 मधल्या गाभ्याचा. तीन आकडे, दोन आलेख, आणि वादळाचा सगळा जीवनप्रवास एका रेषेत दिसतो. पायथन जेमतेम येणाऱ्या मुलाला ती रेष पहिल्यांदा वळताना दिसते तेव्हा विषय समजतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

डेटाचं ओझंही नाही. 100 अंश रेखांश आणि 60 अंश अक्षांशांचा चौकोन, 900 ते 300 मधल्या 16 पातळ्या आणि दहा दिवसांचे दर तीन तासांचे आकडे घेतले, तरी हिशेब अडीचशे एमबीच्या आसपास बसतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरूनही उतरेल.

ईआरए5 ची कमजोरीही लक्षात ठेवा. 31 किलोमीटरच्या ग्रिडवर वादळाचा डोळा नीट मावत नाही. त्यामुळे कमाल वारा कमी दिसतो आणि केंद्रातला दाब खऱ्यापेक्षा जास्त. या डेटावरून वाऱ्याच्या कमाल वेगाबद्दल निष्कर्ष काढू नका. फेज स्पेसला मात्र याची झळ कमी बसते, कारण तिथे सरासरीच 500 किलोमीटरवर घेतलेली असते. दुसरी गोष्ट, अमेरिकेच्या हरिकेन सेंटरची हरडॅट2 ही नोंदवही 1851 पासूनची आहे आणि तिच्यात वादळ एक्स्ट्राट्रॉपिकल झाल्याची वेळही दिलेली असते. ती वेळ आणि तुमच्या आलेखाची वेळ जुळत नाही, असं बऱ्याचदा होतं. घाबरू नका. प्रोजेक्टमधलं सर्वांत वाचनीय प्रकरण त्या फरकातूनच लिहिलं जातं.

‘का’ विचारायचं असेल तर डब्ल्यूआरएफ. समुद्र दोन अंशांनी थंड केला तर? ट्रफ एक दिवस उशिरा आला तर? प्रत्यक्षात न घडलेलं घडवून बघायची सोय मॉडेलमध्येच आहे, आणि विषयातलं विज्ञान या प्रयोगांतून पुढे गेलं आहे. ‘ओफेलिया’ घ्या. 14 ऑक्टोबर 2017 ला ते अझोर्सजवळ तिसऱ्या श्रेणीचं हरिकेन झालं, आणि खालचं पाणी 25 अंशांच्या आसपासच होतं! वरची हवा नेहमीपेक्षा इतकी थंड होती, की कोमट पाण्यावरही अभिसरण (उबदार हवेचं वर चढणं) उभं राहिलं. दोनच दिवसांत ते आयर्लंडवर पोचलं आणि फास्टनेट रॉकला ताशी 191 किलोमीटरचा झोत नोंदला गेला. पाणी आणि वरची हवा यांचा वाटा किती-किती, हे वेगळं काढायचं तर मॉडेल चालवण्याला पर्याय नाही.

पण खर्च आधी मोजा. 3 किलोमीटरच्या ग्रिडवर 500 गुणिले 500 बिंदू आणि 45 थर घेतले, तर सुमारे 1 कोटी 12 लाख बिंदू होतात. वेळेची पायरी सुमारे 18 सेकंदांची, म्हणजे पाच दिवसांच्या वादळाला 24,000 पायऱ्या. ग्रिडमधलं अंतर एक-तृतीयांशावर आणलं की तेवढ्याच क्षेत्राला काम 27 पट होतं. त्यात ईटीची खास अडचण अशी, की ताशी 60 किलोमीटरने धावणारं वादळ तीन दिवसांत चार हजार किलोमीटरच्या पुढे जातं, आणि ज्या ट्रफशी त्याची गाठ पडायची तो त्याहून कितीतरी पश्चिमेला असतो. डोमेन (मॉडेल चालतं तो प्रदेश) आखूड ठेवलं तर ट्रफ सीमेवरून आयता आत येतो आणि तुमचं मॉडेल स्वतः काहीच ठरवत नाही. मोठ्या बाहेरच्या डोमेनमध्ये वादळाच्या मागे फिरणारं नेस्ट (आतलं, बारीक ग्रिडचं डोमेन) ठेवणं हा त्यावरचा नेहमीचा इलाज आहे. समुद्राचं तापमान स्थिर ठेवू नका. डब्ल्यूआरएफमध्ये साधं ओशन मिक्स्ड लेयर मॉडेल आहे, ते चालू करा, म्हणजे वादळ स्वतःच पाणी ढवळून थंड करतं तेही धरलं जाईल.

लॅपटॉपवर 27 आणि 9 किलोमीटरची दोन डोमेन चालतील. 3 किलोमीटरला क्लस्टर (एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांची यंत्रणा) हवाच. कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर रन लावणार असाल तर रीस्टार्ट फाइल दर सहा तासांना लिहायला सांगा. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा आपल्याकडे भरवसा नाही, आणि अर्ध्यावर गेलेला रन पुन्हा पहिल्यापासून लावताना डोळ्यांत पाणी येतं.

जुन्या हवामानाच्या डेटावर शिकवलेल्या एआय मॉडेलचं आकर्षण मला समजतं. ग्राफकास्ट आणि पांगू-वेदर ही दोन्ही 2023 मध्ये प्रसिद्ध झाली आणि दोन्ही खुली आहेत. दहा दिवसांचा अंदाज योग्य हार्डवेअरवर मिनिटाच्या आत येतो. सप्टेंबर 2023 मध्ये ‘ली’ हे हरिकेन कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाला धडकणार हे ग्राफकास्टने नऊ दिवस आधी दाखवलं, असं ते बनवणाऱ्या डीपमाइंडने सांगितलं आहे, आणि ‘ली’ तिथे पोचलं ते ईटीतून गेल्यावरच. मार्गाच्या बाबतीत ही मॉडेलं खरोखर दमदार आहेत.

पण ईटीच्या विद्यार्थ्याने दोन खड्डे बघून चालावं. पहिला असा, की ही मॉडेलं 1979 ते 2017 च्या ईआरए5 वर शिकली आहेत. म्हणजे ‘सँडी’ (2012) आणि ‘ओफेलिया’ (2017) त्यांनी आधीच पाहिलेली वादळं आहेत. त्यांच्यावर घेतलेली परीक्षा म्हणजे पाठ करून दिलेला पेपर. 2018 नंतरचीच वादळं निवडा. दुसरा त्याहून खोल आहे. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान या दोन मॉडेलांच्या इनपुटमध्येच नाही. पाणी थंड असतं तर काय झालं असतं, हा आपला मूळ प्रश्न त्यांना सरळ विचारताच येत नाही. पांगूमध्ये तर पाऊसही नाही. शिवाय दोन्ही मॉडेलं शिकली आहेत ईआरए5 वर, त्यामुळे वाऱ्याचा जोर कमी दाखवायची त्याची खोड त्यांनीही उचलली आहे. तरीही एक छोटा, प्रामाणिक प्रोजेक्ट यातून होतो: मॉडेलच्या अंदाजावर हार्टची पद्धत लावायची आणि बदलाची वेळ बरोबर येते का ते तपासायचं. इथेही पहिली वाट आधी यायला हवी, ते यामुळेच.

वादळ कोणतं घ्यावं? रिअॅनालिसिसला ‘सँडी’ उत्तम. 29 ऑक्टोबर 2012 ला न्यू जर्सीत ब्रिगंटाइनजवळ ते जमिनीवर आलं, त्याच्या थोडं आधी त्याचा दर्जा बदलला होता, आणि त्याचा उबदार गाभा थंड हवेने वेढला गेला तरी टिकून होता. हे फेज स्पेसमध्ये बघणं हा मोठा धडा आहे. युरोपच्या मॉडेलने त्याचं पश्चिमेकडे वळणं आठवडाभर आधी पकडलं, तेव्हा अमेरिकेचं मॉडेल त्याला समुद्रात दूर नेत होतं. अंदाज कसा फाटतो हे शिकायलाही हेच घ्या. एआयसाठी ‘फिओना’ घ्या: 24 सप्टेंबर 2022, नोव्हा स्कॉशिया, सुमारे 932 हेक्टोपास्कल, कॅनडात नोंदवलेला सर्वांत कमी दाब. डब्ल्यूआरएफला, क्लस्टर असेल तर, ‘ओफेलिया’.

व्हायव्हाला एक प्रश्न येणारच: बेळगावात बसून अटलांटिक कशाला? उत्तर तयार ठेवा. बंगालच्या उपसागराच्या आणि अरबी समुद्राच्या उत्तरेला जमीन आहे, म्हणून आपल्या वादळांना थंड समुद्रावर जायला वाटच नाही. पण मध्य अक्षांशांतल्या प्रणालीशी गाठ पडणं इथेही घडतं. मे 2021 मध्ये ‘तौक्ते’ गोवा-कारवारच्या किनाऱ्यासमोरून गेलं, 17 तारखेला गुजरातेत उन्याजवळ आत शिरलं, आणि त्याचे अवशेष उत्तरेला पोचल्यावर पश्चिमी विक्षोभाशी, म्हणजे अशाच एका प्रणालीशी, मिळाले. दिल्लीत सफदरजंगला 24 तासांत 119.3 मिलिमीटर पाऊस झाला, मे महिन्यातला तिथला उच्चांक. ‘सँडी’साठी लिहिलेला कोड ‘तौक्ते’च्या त्या शेवटच्या तीन दिवसांवर चालवून बघा. एका प्रकरणाचा मजकूर त्यात नक्की आहे.

गाईडबद्दल थोडक्यात. पुण्याला आयआयटीएम (भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था), बेंगळुरूला आयआयएससीचं वातावरण आणि महासागर विज्ञान केंद्र, आणि दोन्हीकडे आपल्याकडून एका रात्रीत पोचता येतं. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज करा. भाषेचं दडपण घेऊ नका; मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेली मुलं दोन्हीकडे काम करतात. ओळख नसलेल्या प्राध्यापकांना मेल करताना लांबलचक बायोडेटा पाठवण्यापेक्षा एका वादळाचा स्वतः काढलेला फेज स्पेस आलेख जोडा, आणि हरडॅट2 च्या वेळेशी तो कुठे जुळला नाही ते दोन ओळींत लिहा.