माझ्या गाडीची एक चावी अनोळखी माणसाच्या खिशात

मागच्या माघी पौर्णिमेला सासूबाईंना घेऊन आम्ही चिंचवडहून नृसिंहवाडीला गेलो. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर त्यांना स्नान करायचं होतं. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. ह्यांनी आईंना धरून पायऱ्या उतरवल्या, आणि वर आले तेव्हा खिशात गाडीची चावी नव्हती. घाटावरच्या दोन मुलांनी तासभर बुड्या मारून पाहिल्या. दुपारचे साडेतीन वाजले होते. दुसरी चावी घरी कपाटात, अडीचशे किलोमीटरवर.

धाकट्या दिरांना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, मी रात्रीच्या एसटीनं चावी घेऊन निघतो, उजाडायच्या आत पोचतो. तुम्ही भक्तनिवासात खोली घ्या." हे ऐकायला हवं होतं. पण आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या, ह्यांचं पाकीट, सगळं बंद गाडीत होतं. मी मोबाईलवर 'गाडीची चावी बनवणारे' असं शोधलं आणि पहिल्याच नंबरला फोन लावला.

"ताई, काळजी करू नगासा. अर्ध्या तासात पोचतोय बगा. १,८०० रुपय, सगळं धरून."

माणूस खरंच अर्ध्या तासात आला. बोलणं अदबीचं, हात सफाईदार. पंधरा मिनिटांत दार उघडलं. आईंना गोळी मिळाली आणि तिथंच आम्ही त्याच्यावर पूर्ण विश्वास टाकला. त्यानं कुलपाचे खाचे मोजून कोरी चावी कापली. ती फिरली, पण इंजिन सुरू होईना. डॅशबोर्डवर चावीच्या चित्राचा लाल दिवा लुकलुकत राहिला. मग तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "गाडीचा ईसीएम लॉक झालाय. रिसेट मारायला लागतंय. त्याचं ६,५०० येगळं."

गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, लॉक वगैरे काही झाला नव्हता. २०१७ सालच्या आमच्या गाडीत इमोबिलायझर आहे, म्हणजे ओळखीची चिप नसलेल्या चावीनं इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा, आणि कोरी चावी घातल्यावर तो जे करायला हवं तेच करत होता. गाडीचं मॉडेल दार उघडतानाच दिसतं, म्हणजे चिप लागणार हे त्याला तेव्हाच ठाऊक असणार. आधी छोटा आकडा सांगायचा आणि गाडी उघडून, माणसं अडकल्यावर मोठा काढायचा, हा फसवणुकीचा पहिला भाग. तो निदान पैशांपुरता होता.

आम्ही हो म्हटलं. त्यानं स्टिअरिंगच्या खालच्या सॉकेटला एक यंत्र जोडलं आणि आम्हाला लांब उभं राहायला सांगितलं. "मोबाईलच्या सिग्नलनं मशीन चुकतंय." तरी माझी नजर तिकडेच होती. त्यानं एक चावी घालून फिरवली, काढली. दुसरी घातली, फिरवली, आणि गाडी सुरू झाली. पहिली चावी त्यानं शर्टाच्या खिशात टाकली. मी विचारलं, "दादा, ती कसली?"

"पैली चिप धरंना झाली ताई. बाद हाय ती."

मी पुढे काही बोलले नाही. ८,३०० रुपये यूपीआयनं दिले. नाव एका बाईंचं आलं, तो म्हणाला बायकोचं खातं आहे. बिल मागितलं तर "व्हॉट्सॲपला पाठवतो". आम्ही बर्फी-पेढे घेऊन रात्री दीड वाजता घरी पोचलो, आणि आईंनी दत्तगुरूंनीच माणूस पाठवला म्हणून हात जोडले.

चार दिवसांनी ह्यांनी कपाटातली चावी काढली. बटणानं दार उघडलं, चावी फिरली, इंजिन मात्र सुरू होईना. तोच लाल दिवा. त्या माणसाला फोन केला तर म्हणाला, "त्या चावीचा सेल गेला आसंल, बदलून घ्या." आम्ही सेल बदलला. दिवा तसाच.

माझा भाचा ऑटोमोबाईल शिकतो. त्यानं चावीचं डोकं उघडून दाखवलं. आत दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे बटणांचा रिमोट. तो सेलवर चालतो आणि दाराचं कुलूप उघडतो. दुसरी म्हणजे काळ्या वडीसारखी बारीकशी चिप. तिला सेल लागतच नाही. चावी जिथं घालतो त्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं. चावी फिरवली की त्यातून १२५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या लहरी निघतात, त्यांच्यातूनच चिपला वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. ती ओळख गाडीच्या यादीत असेल तरच इंजिनाला इंधन मिळतं. म्हणजे सेल संपल्यामुळे आमचं इंजिन अडणं शक्यच नव्हतं. तो माणूस रोज हेच काम करतो. त्यानं ठरवून खोटं सांगितलं होतं.

मग आम्ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या मुलानं स्कॅनर लावला आणि म्हणाला, "मॅडम, गाडीत दोन चाव्यांची नोंद आहे." माझ्या हातात दोन चाव्या होत्या. माझा जीव भांड्यात पडला. त्यानं दोन्ही चाव्या एकेक करून लावून पाहिल्या आणि मान हलवली. "ही घरची चावी त्या दोनांत नाही. हिची नोंद पुसलेली आहे. वाडीला केलेली एक. मग दुसरी कुणाकडे आहे?"

शर्टाचा खिसा डोळ्यांपुढे आला. माझे हात गार पडले.

त्यानं पुढे समजावलं ते मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण ते आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आमच्यासारख्या गाडीत सगळ्या चाव्या हरवल्या असं धरून काम केलं की यंत्र जुनी यादी पूर्ण पुसतं आणि समोर असतील तेवढ्या चाव्या नव्यानं चढवतं. पुसणं गैर नाही. हरवलेली चावी निकामी व्हायला हवी असेल तर पुसावीच लागते. पण चढवलेल्या प्रत्येक चावीचा हिशेब मालकाला मिळायला हवा. चावी करून घेतल्यावर "यादीत आता किती चाव्या आहेत ते स्क्रीनवर दाखवा" एवढं एक वाक्य मी बोलले असते तर तिथंच उलगडा झाला असता. माझी खरी चूक वेगळीच होती. मी डोळ्यांनी पाहिलं, विचारलं, आणि उत्तरावर गप्प बसले. बाद चिप असेल तरी ती चावी आपल्या पैशांची, आपल्या हातात घ्यायची.

इमोबिलायझर हे फार चांगलं साधन आहे, युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना तो सक्तीचा आहे. पण यंत्र घेऊन आत बसलेल्या माणसाला आपण स्वतः दार उघडून देतो तेव्हा इमोबिलायझर काय करणार? त्यात काही चिपांची रचनाही जुनी. २०१२ मध्ये संशोधकांनी हिटॅग-२ नावाची, तेव्हा असंख्य गाड्यांत असलेली चिप काही मिनिटांत फोडता येते हे दाखवून दिलं होतं. म्हणून मी आता चावी पार्किंगवाल्याकडे किंवा धुलाईवाल्याकडे सोडून जात नाही.

सर्व्हिस सेंटरनं आरसी, आधार आणि पोलिसांकडची चावी गहाळ झाल्याची नोंद मागितली. ती नोंद आम्ही केलीच नव्हती. ती करायला गेलो तेव्हा विमा एजंटकडून कळलं की गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सगळ्या मूळ चाव्या मागते. एक नाही म्हटलं तर का नाही, हे कागदानिशी सांगावं लागतं. ज्यांची चावी हरवली असेल त्यांनी त्याच दिवशी ही नोंद करावी. आमच्या विम्यात चावी बदलून मिळण्याची जोड घेता आली असती, तीही आम्ही नूतनीकरणाच्या वेळी नको म्हटली होती. गाडी घेताना चावीसोबत मिळालेला नंबराचा बिल्लाही सापडला. त्या नंबरावरून कंपनीची चावी मागवता येते, चावी पाण्यात गेली तरी. मी तो आता गाडीपासून लांब, बँकेच्या कागदांत ठेवला आहे.

यादी पुन्हा पुसली. घरची चावी आणि नवी मागवलेली चावी अशा दोनच चढवल्या. मी स्क्रीनवर स्वतः आकडा पाहिला. वाडीला केलेली चावी त्यांच्यासमोर लावून पाहिली, इंजिन सुरू झालं नाही. पोलीस ठाण्यात यूपीआयची पावती जोडून लेखी तक्रार दिली आहे. तो नंबर आता बंद लागतो.

निघताना त्या मुलानं एक गोष्ट सांगितली. चिप यादीतून गेली तरी चावीचे खाचे तेच आहेत. त्या माणसाकडच्या चावीनं इंजिन सुरू होणार नाही, पण दार उघडेल. ते टाळायचं तर पूर्ण लॉकसेट बदलावा लागतो. तो मागवलाय, अजून आलेला नाही. तोवर हे रोज रात्री आरसी, विम्याचे कागद आणि आईंच्या गोळ्यांचा डबा गाडीतून काढून वर घरात आणतात.