गर्स्टनरची हत्यारपेटी: नाव मोठे, आणि लक्षणही बहुतांशी खरे

ओहायो राज्यातील डेटन शहरात १९०६ साली हॅरी गर्स्टनर या पॅटर्नमेकरने (ओतकामासाठी लाकडी नमुने बनवणाऱ्या कारागिराने) ज्या लाकडी हत्यारपेट्या बनवायला सुरुवात केली, त्या आजही त्याच शहरात तयार होतात. अमेरिकेतील मशिनिस्ट आणि टूलमेकर, म्हणजे यंत्रांवर धातूचे भाग व अवजारे घडवणाऱ्या मंडळींमध्ये या पेटीविषयी जो आदर आहे, तो कुठल्याही लेथ किंवा मिलिंग मशीनच्या वाट्याला क्वचितच आला असेल. हजार डॉलरच्या वर किंमत असलेली लाकडी पेटी घ्यावी का, हा प्रश्न मला अनेक तरुण टूलमेकर विचारतात. माझे उत्तर होकारार्थी आहे. पण ती कोणी घ्यावी आणि तिच्यात काय ठेवावे, याला निश्चित मर्यादा आहेत.

ही पेटी मुळात का जन्मली हे आपल्याकडच्या वाचकाला सांगावे लागते. महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या कारखान्यांत मायक्रोमीटर, व्हर्निअर, स्लिप गेज (अचूक मापाचे पोलादी ठोकळे) ही मोजमापाची साधने टूल स्टोअरमधून मिळतात. कामगार आपल्या क्रमांकाचे टोकन खिडकीत देतो, साधन घेतो आणि पाळी संपताना परत करतो. अमेरिकेत मात्र मशिनिस्टने मोजमापाची साधने स्वतःच्या पैशाने घ्यायची आणि नोकरी बदलली की सोबत न्यायची, अशी जुनी रीत आहे. त्यामुळे पेटीला वर उचलायची मूठ असते, कुलूप असते, आणि दर्शनी फळी अशी असते की काम चालू असताना ती काढून तळच्या खणाखाली सरकवून ठेवता येते. मधला खण 'मशिनरीज हँडबुक' मावेल अशा मापाचा असतो. यंत्रकामाचा हा संदर्भग्रंथ १९१४ पासून निघतो आणि अमेरिकेतील टूलरूममध्ये, म्हणजे अवजारे घडवण्याच्या विभागात, हाताशी ठेवला जातो. वरच्या झाकणाच्या आत आरसा असतो. डोळ्यात धातूचा कीस गेला तर तो पाहण्यासाठी त्याचा उपयोग होतो, असे जुने कारागीर सांगतात. पेटीची ही मांडणी ज्याने स्वतः अशा हत्यारांवर काम केले आहे अशा माणसालाच सुचू शकते, आणि माझ्या मते तिच्या कीर्तीचा पहिला व सर्वांत भक्कम आधार हाच आहे.

दुसरा आधार लाकडाचा. पारंपरिक पेटी ओकची असते; चेरी आणि अक्रोडाच्या लाकडातही ती मिळते. ओकच्या फळ्या ओंडका केंद्राच्या दिशेने चिरून काढलेल्या असतात, म्हणजे वर्षवलये फळीच्या पृष्ठभागाला साधारण काटकोनात येतात. अशा फळीवर चमकदार पट्ट्यांची जी नक्षी दिसते तिचे कौतुक सगळेच करतात. परंतु या चिरकामाचे खरे मोल वेगळे आहे. अमेरिकन लाल ओक ओल्या अवस्थेतून पूर्ण वाळेपर्यंत वलयांच्या दिशेने सुमारे ८.६ टक्के आकसतो, तर केंद्राच्या दिशेने केवळ ४ टक्के. म्हणजेच नीट चिरलेली फळी हवेतल्या ओलाव्यानुसार साध्या फळीच्या निम्मीच हलते. उथळ, रुंद आणि एकमेकांवर रचलेल्या खणांच्या पेटीत हा फरक निर्णायक ठरतो, कारण खण आणि चौकट यांमध्ये जागा फारच थोडी असते. येथे बॉल बेअरिंगच्या सरकपट्ट्या नाहीत. खण सहज सरकतो तो मापाच्या अचूकपणामुळे. म्हणून या पेटीची किंमत पॉलिश किंवा निकेलच्या कड्यांवरून न ठरवता फळी निवडण्यावर आणि बसवण्यावर किती श्रम लागले असतील, त्यावरून ठरवावी.

आता गंजाविषयी, कारण सर्वाधिक गैरसमज याच बाबतीत आहेत. "लाकडी पेटीत पोलाद गंजत नाही" हे वाक्य इतक्या वेळा बोलले जाते की लोक ते सिद्ध झालेले मानतात. यात तथ्याचा एक भाग आहे. न तापवलेल्या गॅरेजमध्ये थंडीनंतर अचानक उबदार, दमट हवा आली की थंड पत्र्यावर आणि थंड साधनांवर दव धरते. लाकूड व खणांत अंथरलेले फेल्ट (नमद्यासारखे जाड कापड) हे बदल सावकाश आत जाऊ देतात आणि थोडा ओलावा स्वतःत सामावून घेतात. तेव्हा एका दिवसातल्या चढउतारांपुरते लाकूड पत्र्यापेक्षा नक्कीच चांगले. परंतु ओकमधून ॲसेटिक आम्लाची वाफ सतत थोडीथोडी बाहेर पडत असते; त्यामुळेच धातूच्या वस्तू ओकच्या बंद कपाटात ठेवणे संग्रहालयांत टाळले जाते. शिवाय ओकमधील टॅनिन, लोखंड आणि पाणी एकत्र आले की काळे डाग पडतात. महिनोन्‌महिने न उघडलेल्या ओकच्या पेटीत कोरडे, तेल न लावलेले स्लिप गेज ठेवणे हे काळजीपूर्वक कामाचे लक्षण नव्हे. साधन पुसून, तेलाचा पातळ थर देऊन आणि गंजरोधक कागद खणात घालूनच ठेवावे. कोकणात किंवा मुंबईत ही पेटी आणणाऱ्याने तर हे विशेष ध्यानात घ्यावे. तिथला पावसाळा चार महिने सलग दमट असतो. काही आठवड्यांत लाकूड स्वतःच त्या ओलाव्याशी समतोल साधते आणि मग संरक्षण असे काही उरत नाही. शिवाय खण फुगून घट्ट होण्याची शक्यता असते ती वेगळीच.

तुलनेसाठी केनेडीचे नाव घ्यावेच लागते. ही कंपनीही ओहायोचीच, व्हॅन वर्ट या गावातली, १९११ मधली. तिच्या तपकिरी, सुरकुतलेल्या रंगाच्या पत्र्याच्या पेट्या अमेरिकेतल्या कारखान्यांत सर्वत्र दिसतात. मशीनशेजारी, कूलंटच्या (यंत्रकाम चालू असताना सोडल्या जाणाऱ्या थंडावा देणाऱ्या द्रवाच्या) शिंतोड्यांत आणि ढकलाढकलीत राहणारी पेटी हवी असेल तर मी निःसंकोचपणे पत्र्याची पेटी सुचवेन. हातोडी, मोठे पाने, मशीन व्हाइसचे जबडे यांसाठी गर्स्टनरचे खण बनलेलेच नाहीत. मायक्रोमीटर, डायल इंडिकेटर, ट्राय स्क्वेअर, स्क्राइबर, लहान रीमर आणि टॅप हाच त्यांचा खरा ऐवज. डिजिटल कॅलिपर कंपनीच्या जाड प्लास्टिक डबीसह ठेवायचा आग्रह असेल तर उथळ खणांत अडचण होईल. तो डबीतून काढून फेल्टवर ठेवणे हेच या पेटीला अपेक्षित आहे.

खरेदी करताना एका गोष्टीकडे डोळेझाक करू नये. 'गर्स्टनर इंटरनॅशनल' या नावाने मिळणाऱ्या पेट्या चीनमध्ये तयार होतात आणि त्यांची किंमत काही शे डॉलर असते. कंपनी हे लपवत नाही. ठेवणही तीच असते आणि हौशी माणसाच्या घरगुती वापरासाठी त्या पुरेशा आहेत, असे मी मानतो. मात्र वर ज्या कीर्तीचे समर्थन केले ती डेटनमध्ये बनलेल्या पेटीची आहे. दोन्हींवर एकच आडनाव असल्यामुळे एकीचा अनुभव दुसरीला लावून स्तुती किंवा निंदा करणे अन्यायाचे होईल.

नवीन डेटन पेटी परवडत नसेल तर मी जुनी शोधण्याचा सल्ला देईन. अमेरिकेत निवृत्त कारागिरांच्या घरातील सामान विकले जाते तेव्हा अशा पेट्या बाजारात येतात. फेल्ट फाटलेले असले तरी चालते, ते बदलता येते; पॉलिश उडालेले असले तरी चालते. पाहायचे ते असे: प्रत्येक खण पूर्ण बाहेर काढून त्याचे कोपरे हाताने हलवून पाहावेत, दर्शनी फळी तळात अडथळ्याविना सरकते का ते तपासावे, मागील फळीला भेग आहे का ते उजेडात बघावे, आणि आतला वास घ्यावा. कुबट वास येत असेल तर ती पेटी तळघरात ओलीत राहिलेली आहे, आणि कितीही स्वस्त मिळाली तरी ती मोजमापाच्या साधनांसाठी घेऊ नये.